जुन्या नाटक-चित्रपटांतील अधू देह, बाई आणि देश : अभ्यास कसा करावा

जुनी नाटके वाचणारी आणि जुने चित्रपट आवडीने पाहणारी माणसे पुण्यात पेठोपेठी आहेत. परंतु रंगमंचावर लंगडत येणाऱ्या पात्राकडे किंवा पडद्यावरच्या आंधळ्या मुलीकडे अभ्यासाच्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही. आम्ही सात-आठ जण गेली काही वर्षे महिन्यातून एकदा सदाशिव पेठेतील एका घरी जमतो, एखादे नाटक वाचतो किंवा चित्रपट पाहतो, आणि त्यात अपंगत्व, स्त्रीत्व आणि राष्ट्र या तीन गोष्टी एकमेकींना कशा धरून उभ्या आहेत हे तपासतो. ज्यांना असा गट सुरू करायचा आहे, किंवा एकट्याने वही घेऊन बसायचे आहे, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे. त्यामागची माझी धारणा सुरुवातीलाच सांगते. देशाला बाईचे रूप दिले की त्या बाईचा देह निर्दोष असावा लागतो; मग उणेपण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या देहावर ठेवले जाते. तो दुसरा देह कोणाचा, हे शोधणे हेच या अभ्यासाचे मूळ काम आहे.

आरंभी दहा कलाकृतींची यादी करू नये. एकच घ्यावी आणि तिच्यात पुरते उतरावे. आम्ही कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकापासून सुरुवात केली आणि ती निवड योग्य ठरली असे मला वाटते. हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर तेव्हा ‘केसरी’त टिळकांबरोबर काम करत होते, वंगभंगाला दोनच वर्षे झाली होती, आणि विराटाच्या राजवाड्यात सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी म्हणजे परवश देश, तिच्यावर हात टाकू पाहणारा कीचक म्हणजे कर्झन, समजुतीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि कीचकाला ठार मारणारा भीम म्हणजे जहाल, हा अर्थ प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. सरकारलाही तो समजला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा १८७६ पासून सरकारच्या हाती होताच. इतकी माहिती बहुतेक वाचकांना असते. आपल्याला पुढे जायचे आहे, म्हणून वाचताना वहीच्या पानाचे तीन उभे भाग करावेत. पहिल्यात द्रौपदीच्या देहाविषयी जे जे बोलले जाते ते लिहावे, दुसऱ्यात पुरुषांच्या बळाविषयी आणि दुबळेपणाविषयी जे बोलले जाते ते लिहावे, आणि तिसरा भाग प्रथम कोरा ठेवावा. पहिले दोन भाग भरले की तिसऱ्यात स्वतःच्या शब्दांत लिहावे की देशाचा अपमान सिद्ध करण्यासाठी कोणाच्या देहाला काय सोसावे लागले.

याच कथेत एक पात्र असे आहे की त्याच्याकडे आपण सहसा पाहतच नाही, ते म्हणजे बृहन्नडा. अज्ञातवासात अर्जुन स्त्रीवेषात राहून राजकन्येला नृत्य शिकवतो. त्या काळच्या राजकीय भाषणांत आणि लेखांत ‘षंढ’, ‘पंगू’, ‘लुळा’, ‘आंधळा’ हे शब्द पराधीन समाजासाठी सर्रास वापरले जात असत, हे ध्यानात ठेवून बृहन्नडेकडे पाहिले म्हणजे स्त्रैणपणा आणि अधूपण हे दोन्ही एकाच खात्यावर कसे जमा केले जात होते ते दिसू लागते. स्वातंत्र्य म्हणजे पुन्हा धडधाकट पुरुष होणे, असा त्यातला हिशेब आहे. हे हिशेब मांडणाऱ्यांची देशभक्ती खोटी नव्हती. पण त्या हिशेबात जन्मतः पाय अधू असलेल्या माणसाला किंवा कोणत्याही बाईला देशाचा नागरिक म्हणून कुठे उभे राहायचे हे सांगितलेले नाही, आणि तेवढी जागा वहीत मोकळी सोडून तिच्यावर खूण करावी.

यानंतर त्याच कथेचे दुसरे रूप घ्यावे. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. नाटक मंडळीत द्रौपदी पुरुषाने उभी केली होती. या मूकपटात मात्र स्त्रिया पडद्यावर आल्या. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले की ते वगळावे लागले. एकच कथा तेरा वर्षांच्या अंतराने, एकदा शब्दांत आणि एकदा निःशब्द चित्रांत आली, तेव्हा देशाचा भार उचलणारी बाई पुरुषाच्या देहातून बाईच्या देहात आली. याचा अर्थ काय लावायचा यावर आमच्या गटात दोन बैठका गेल्या आणि तरीही सर्वांचे एकमत झाले नाही; अशा बैठका वाया गेल्या असे कोणी समजू नये.

येथून अभ्यास नटाच्या देहाकडे न्यावा, कारण पात्राचा देह आणि नटाचा देह या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील अंतर हीच आपली खरी सामग्री आहे. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, यांचे उदाहरण पुणेकराला वेगळे शोधावे लागत नाही. जंगली महाराज रस्त्यावरील रंगमंदिराला १९६८ पासून त्यांचे नाव आहे आणि शालू, नथ, अंबाड्यावरची वेणी या रूपातली त्यांची छायाचित्रे आपण लहानपणापासून पाहतो. खानदानी घरांतील स्त्रिया त्यांच्यासारख्या साड्या नेसू लागल्या, दागिने घालू लागल्या, ही गोष्ट अनेकांनी लिहून ठेवली आहे. मराठी कुलस्त्री कशी दिसावी याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून दिला, आणि तो वस्तुपाठ ‘एकच प्याला’तील सिंधूपर्यंत, म्हणजे सोसणाऱ्या पतिव्रतेपर्यंत पोचला. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवावी. उतारवयात याच बालगंधर्वांचे पाय अधू झाले होते. छायाचित्रे गोळा करताना मी मुद्दाम दोन पाकिटे केली, एक शालूतील भूमिकांचे आणि एक अखेरच्या वर्षांचे, आणि पहिले पाकीट फुगत गेले तरी दुसऱ्यात फारसे काही पडेना. सार्वजनिक स्मृती कोणता देह जपते आणि कोणता बाजूला सारते, याचा याहून सोपा प्रयोग मला ठाऊक नाही. तो प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

हसण्याचा भाग आला की गती कमी करावी. आपण ज्या ठिकाणी हसतो तेथेच या अभ्यासाची सर्वांत कठीण सामग्री असते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. बालिकेचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या रूढीवर त्याने जो घाव घातला त्याचे मोल कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण भुजंगनाथावर प्रेक्षागृह हसते ते कशाला, हे क्षणभर थांबून पाहावे. तो पैशाच्या बळावर मुलगी विकत घेतो म्हणून हसते, की त्याचे दात पडले, कंबर वाकली म्हणून? ‘म्हातारा इतुका न’ हे पद ऐकताना हे दोन्ही हशे एकमेकांत मिसळतात. घाव सत्तेवर घालायचा होता, तो थकलेल्या शरीरावरही बसला. शारदेच्या बाजूने उभे राहताना आपण वार्धक्याला शिक्षा देत आहोत हे प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, आणि सुधारणेच्या बाजूच्या कलाकृती वाचताना हीच गोष्ट हाताला लागत नाही, कारण आपले मन आधीच त्यांच्याकडे झुकलेले असते.

‘शारदा’ नंतर ‘कुंकू’ पाहावा. प्रभातचा हा चित्रपट १९३७ चा, विषय तोच, जरठविवाह; पण शांता आपटे यांची नीरा शारदेसारखी रडत नाही, ती नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. आणि केशवराव दाते यांनी उभा केलेला म्हातारा नवरा केवळ हास्यास्पद राहत नाही, त्याला स्वतःची चूक उमगते. अडतीस वर्षांत म्हाताऱ्या देहाकडे पाहण्याची नजर किती बदलली, आणि बाईला बोलण्याचे बळ मिळाले तेव्हाच तो देह माणसाचा होऊ शकला का, हे ताडून पाहावे. प्रभातने याच चित्रपटाची ‘दुनिया न माने’ ही हिंदी आवृत्तीही काढली होती. शक्य असेल तर दोन्ही पाहाव्यात, कारण मराठी घरातल्या मुलीशी बोलणे आणि साऱ्या देशातल्या प्रेक्षकाशी बोलणे यांत संवादाचा सूर कुठे बदलतो, कुठे तसाच राहतो, हे शेजारी शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

लोकरंजनाच्या जुन्या प्रकारांकडेही जावे. तमाशाच्या गवळणीत पुरुषाने केलेली मावशी असते आणि कृष्णाचा लंगडणारा, बोबडे बोलणारा पेंद्या असतो. दोघांवर प्रेक्षक हसतात, पण दोघांवरचे हसणे सारखे नसते. मावशीवरच्या हसण्यात वयस्क बाईची चेष्टा असते. पेंद्यावरच्या हसण्यात जवळीक असते, कारण तो मागे राहिला तरी काल्यातला घास त्याला मिळतोच. पंगतीतून त्याला कोणी उठवत नाही. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही रूपे येतात आणि त्यांचा अर्थ आध्यात्मिक आहे हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. तो अर्थ मान्य करूनही विचारावे की अज्ञानाला नाव देण्यासाठी खऱ्या माणसाच्या शरीराची स्थिती का उसनी घेतली गेली. भवानी आईला रोडगा वाहण्याचा नवस करणाऱ्या सुनेच्या भारुडात ती जावेला बोडकी कर म्हणते आणि नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे म्हणते. वैधव्य आणि रोग हे दोन शाप तिच्या तोंडी एका दमात येतात, आणि हे भारूड बहुधा साडी नेसलेला पुरुष म्हणतो. असे स्थळ सापडले की पुढे जाण्याची घाई करू नये. पुराणांतील गांधारी, मंथरा, कुब्जा यांच्याविषयी येथे थोडक्यातच सांगते : गांधारीने स्वतःहून पत्करलेला अंधार हे पातिव्रत्य ठरते आणि मंथरेची कुबड हा दुष्टपणाचा पुरावा ठरतो, तेव्हा बाईच्या बाबतीत शरीराचे उणेपण हे नेहमी चारित्र्याचे प्रमाणपत्र असते, एवढी गोष्ट हाताशी ठेवून या कथांवरची नाटके वाचावीत.

मराठीच्या बाहेरचा एक चित्रपट मात्र या अभ्यासात घ्यावाच लागतो, कारण तिन्ही धागे त्यात गाठ मारल्यासारखे एकत्र आले आहेत. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ १९५७ साली, स्वातंत्र्याला दहा वर्षे होताना आला. शेतातला दगड हलवताना राधेच्या नवऱ्याचे, श्यामूचे, दोन्ही हात चिरडतात. ते गमावल्यावर अवहेलना सहन न होऊन तो घर सोडून निघून जातो, आणि तेथून राधा एकटी नांगर ओढणारी, मुले वाढवणारी, अखेरीस न्यायासाठी पोटच्या मुलावर बंदूक चालवणारी भारतमाता होते. चित्रपटाच्या आरंभी म्हातारी राधा कालव्याचे उद्घाटन करते, म्हणजे नव्या देशाचे पाणीच तिच्या हातून सोडले जाते. मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आणि नर्गिस यांच्या कामाने प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आले; परंतु आमच्या गटात व्हीलचेअर वापरणारी एक मैत्रीण आहे, तिने एकदा विचारले, “ताई, श्यामू पुढे कुठे गेला असेल?” या प्रश्नाने आमची त्या चित्रपटाकडे पाहण्याची दिशाच बदलली. पटकथेला तो परत नको होता. हात नसलेला नवरा घरात असता तर राधा बायको राहिली असती, देश झाली नसती. म्हणून ‘मदर इंडिया’ पाहताना श्यामू गेल्यानंतर त्याचा उल्लेख किती वेळा, कोणाच्या तोंडून आणि कशासाठी होतो याची नोंद ठेवावी, आणि मग हाच प्रश्न इतर चित्रपटांना लावावा : अधू झालेले पात्र कथेतून नेमके केव्हा बाहेर पडते, आणि त्याच्या जाण्याने कोणाला मोठे होता येते?

पुण्यात बसून हा प्रश्न विचारताना आणखी एक वास्तव समोर असते. सैनिकांसाठीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून या शहरात आहे, म्हणजे पडद्यावर श्यामू निघून जात होता तेव्हा युद्धात हातपाय गमावलेले जवान येथे नवे अवयव लावून पुन्हा कामाला लागत होते. देशासाठी गमावलेला अवयव सन्मानाचा, शेतात गमावलेला लाजेचा, आणि बाईने गमावला असेल तर तो दैवाचा, अशी उतरंड लोकरंजनाने वापरली असावी असे माझे मत आहे. परंतु हे मत म्हणून सांगते आहे, आणि वाचकाने स्वतःच्या नोंदींवर ते घासून पाहावे.

या उतरंडीच्या तळाशी कोण, हे पाहायचे असेल तर राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ घ्यावा. १९६० च्या या चित्रपटात सीमा यांनी आंधळ्या मुलीची भूमिका केली आहे. गदिमांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांमुळे तो आपल्या घरोघरी गायला गेला, आणि आंधळी असूनही तुला पाहते असे सांगणारे तिचे गाणे आजही कार्यक्रमांत हमखास होते. येथे एक सावधगिरीची सूचना करते. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झाले, म्हणून ही मुलगी म्हणजे नवा महाराष्ट्र असा अर्थ लावण्याचा मोह नवशिक्या अभ्यासकाला होतो. तो टाळावा. तारीख जुळली म्हणून अर्थ जुळत नाही. कलाकृतीत त्याचा आधार सापडेपर्यंत थांबावे. मला तर या चित्रपटात उलटीच गोष्ट जाणवते : आंधळी बाई प्रेम, करुणा, निरागसता या सगळ्याचे रूप होऊ शकते, देशाचे होऊ शकत नाही, आणि ती अनुपस्थितीच नोंदवण्यासारखी आहे.

नोंदी लिहिताना शब्दांचे पथ्य पाळावे. ज्या काळात ‘लंगडा’, ‘थोटा’, ‘मुका’, ‘कुबडा’ असे लिहिले गेले त्या काळातील अवतरण तसेच ठेवावे, ते सोज्वळ करू नये, कारण तो शब्द हाच पुरावा आहे. आपल्या वाक्यात मात्र आपला शब्द वापरावा. ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ यांपैकी कोणता, यावर अपंग व्यक्तींमध्येही मतभेद आहेत. आमच्या गटातील ज्यांचा प्रश्न आहे त्यांना आम्ही विचारले आणि त्यांनी ‘अपंग’ सांगितला, म्हणून मी तोच वापरते. पात्राला वैद्यकीय निदान चिकटवू नये. शंभर वर्षांपूर्वीच्या वेड्या पात्राला आजच्या आजाराचे नाव दिल्याने काहीच उलगडत नाही, उलट त्या काळी ‘वेड’ म्हणून काय काय मोजले जाई हा प्रश्न झाकला जातो.

साहित्य कुठे मिळेल, हे विचारणाऱ्या पुणेकराला मी प्रथम पायी हिंडायला सांगते. विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि त्याच परिसरात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून चित्रपटसंस्था आहे. कोल्हापुरात १९२९ मध्ये निघालेली प्रभात १९३३ मध्ये येथे आली होती. नाटकांच्या जुन्या संहितांसाठी पेठांतील जुनी ग्रंथालये धुंडाळावीत, आणि संहितेबरोबर त्या काळची परीक्षणे, जाहिराती, हस्तपत्रके यांची चौकशी अवश्य करावी, कारण पात्राला प्रेक्षकांपुढे कोणत्या शब्दांत विकले गेले हे संहितेत नसते. चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या जुन्या बाजारात अजून हाती लागतात. त्यांच्या मुखपृष्ठावर कोण आहे आणि कथासारात कोण गाळले आहे हे पाहावे. वस्तू हाती आली की मिळाल्याची तारीख, जागा आणि आवृत्ती मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावी.

शेवटी बैठकीविषयी, आणि हे मी सर्वांत आग्रहाने सांगते. माझ्या मावशीला पोलिओ झाला होता. नाटकाचे तिला वेड होते. पण एका नाट्यगृहात तिकीट हातात असूनही बाल्कनीचा जिना चढता न आल्याने ती आणि मी पहिल्या घंटेनंतर परत फिरलो होतो. तेव्हा अपंगत्वावरचा अभ्यास दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय भरवू नये. जागा तळमजल्यावरची घ्यावी, दाराला उंबरठा असेल तर फळी ठेवावी, आणि अपंग सदस्य बोलण्यासाठी आधी वेळ मागतील अशी वाट न पाहता त्यांना पहिली पाळी द्यावी. चित्रपट दाखवताना न दिसणाऱ्या सदस्यासाठी एकाने शेजारी बसून हळू आवाजात दृश्य सांगावे. ‘सुंदर’, ‘दुःखी’ असे शब्द न वापरता कोण कुठे उभे आहे, कशाकडे तोंड करून आहे, हातात काय आहे, एवढेच सांगावे. हे काम आळीपाळीने सर्वांनी करावे, कारण दृश्य सांगणाऱ्यालाच ते प्रथमच नीट दिसते. ‘जगाच्या पाठीवर’ पाहताना हे काम माझ्याकडे होते. सीमा यांचे गाणे संपत आले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या दृष्टिहीन काकांनी विचारले, “ती चालते तेव्हा तिचे हात कुठे असतात?” मला सांगता आले नाही, ते गाणे मी किती वेळा पाहिले असेन, पण हातांकडे माझे लक्षच गेले नव्हते. आम्ही ते पुन्हा सुरुवातीपासून लावले.